पाइपचा गॅस आला, शेगडी जुनीच: घरात नेमकं काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिलिंडर जाऊन घरात पाइपचा नैसर्गिक वायू आला, शेगडी मात्र जुनीच आहे. पहाटे स्वयंपाकघराचं दार उघडलं की हलका वास येतो आणि थोड्या वेळानं जातो. सिलिंडरच्या काळात बसवलेला गॅस डिटेक्टर एकदाही वाजलेला नाही, त्यामुळे फिटरनं ‘काही नाही’ असं सांगितलं. आता न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवायचा विचार आहे. घरात वय झालेली आई आहे, लहान मूल आहे. काळजी करावी का, आणि कशाची?

गेली बावीस वर्षं मी घरगुती गॅसच्या जोडण्या करतो आणि तपासतो. पहाटेच्या वासाचं आधी सांगतो, कारण ते काम आजचं आहे. शेगडीजवळचा व्हॉल्व्ह आत्ताच बंद करा, खिडक्या उघडा आणि घराबाहेर जाऊन, कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. ‘रोज थोडासा येतो, मग जातो’ हा वास निरुपद्रवी असल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. रात्रभर दार-खिडक्या बंद असतात म्हणून तो साठतो आणि सकाळी दार उघडल्यावर पांगतो. गळती मात्र चोवीस तास चालू असते. दिवसा ती तुमच्या लक्षात येत नाही, इतकंच.

मुळात नैसर्गिक वायूला वास नसतो. त्यात मुख्यतः मिथेन असतो, आणि मिथेनला ना रंग ना गंध. सडक्या अंड्यासारखा जो दर्प येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा, मर्कॅप्टनसारख्या. या मिसळण्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली वास नसलेला गॅस साठत गेला, कुणाला कळलं नाही, आणि एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडून सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्साससह अनेक ठिकाणी गॅसला वास लावणं सक्तीचं झालं. वासाचं प्रमाण साधारणपणे असं ठेवतात की हवेत गॅस पेट घेण्याइतका होण्याच्या बराच आधी, म्हणजे त्या पातळीच्या पाचव्या भागापर्यंतच, सामान्य माणसाच्या नाकाला तो कळावा. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो. म्हणजे १ टक्क्याच्या आसपास तुम्हाला वास यायलाच हवा. तुम्हाला आला, हे चांगलंच झालं. आता त्याचं ऐका.

पण नाकाच्या मर्यादाही ओळखून असा. त्याच खोलीत बसलेल्या माणसाचं नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. सर्दीत वास येत नाही, आणि वयाबरोबर घ्राणशक्ती बरीच कमी होते. तुमच्या आईंना ‘वास येतोय का’ असं विचारून त्या ‘नाही’ म्हणाल्या, तर त्यावर विसंबू नका. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाचं नाक सर्वांत खरं बोलतं.

डिटेक्टर का वाजला नाही, हे मी तुमचं घर न बघताही बहुतेक सांगू शकतो. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेला असणार. सिलिंडरसाठी ती जागा अगदी बरोबर होती. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड. तो सुटला की जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साचतो. मिथेनचं वजन हवेच्या निम्म्याहून किंचित जास्त, ०.५५ पट. तो सुटला की वर जातो आणि छताखाली साचत जातो. म्हणजे तुमचा पहारेकरी खाली उभा आहे आणि चोर माळ्यावरून फिरतोय. शिवाय तो डिटेक्टर मिथेनसाठी बनलेला आहे का, हेही बघा. त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. नवा मिथेनचा डिटेक्टर छतापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत लावा, पण शेगडीच्या डोक्यावर नको आणि खिडकीच्या वाऱ्यातही नको. त्याच्यासोबत आलेल्या कागदावर नेमकी जागा दिलेली असते. त्याच्या आतला सेन्सर काही वर्षांत म्हातारा होतो, म्हणून मुदत संपल्याची तारीख वाचून ठेवा.

हाच फरक हवेच्या वाटांनाही लागू होतो. सिलिंडरसाठी भोक लागायचं खाली, आता लागतं वर. छताजवळचा झरोका धूळ येते म्हणून पुठ्ठ्यानं बुजवलेला असेल तर तो मोकळा करा. खिडकी उघडी असली तरी तिच्या वरच्या चौकटीपासून छतापर्यंतचा पट्टा ही गॅसला दडून बसायची जागा असते. मला लोक गॅसच्या पाइपाबद्दल शंभर प्रश्न विचारतात, पण खोलीबद्दल क्वचित कुणी विचारतं. माझ्या अनुभवात पाइप सहसा ठीक असतो. धोका ठरवते ती खोली: गॅस सुटला तर कुठे साठेल, शेगडीला हवा कुठून मिळेल, जळून झालेला वायू कुठून बाहेर जाईल.

एक हिशेब सांगतो म्हणजे अंदाज येईल. ३ मीटर बाय ३ मीटरच्या, २.७ मीटर उंच स्वयंपाकघरात साधारण २४ घनमीटर हवा असते. तिचे ५ टक्के म्हणजे १.२ घनमीटर गॅस. एक मध्यम बर्नर पेटवल्याविना पूर्ण उघडा राहिला तर तासाला ०.२ घनमीटरच्या आसपास गॅस सोडतो. अगदी बंद खोलीत सगळीकडे सारखा पसरला, तर पेटण्याइतका व्हायला सहा तास लागतील. पण तो सारखा पसरत नाही. छताखाली त्याचा थर बनतो, आणि त्या थरात ही मर्यादा कितीतरी आधी ओलांडली जाते. तीच गोष्ट शेगडीमागची नळी निसटल्याची असेल, तर तासांचा हिशेब मिनिटांवर येतो. म्हणून नॉबपेक्षा मला नळीची जास्त धास्ती वाटते.

कंपनीचा माणूस येऊन जाईलच, तरी नळी आणि जोड कसे तपासायचे हे तुम्हालाही यायला हवं. वास मोठा नसताना, खोलीत हवा खेळती ठेवून हे करायचं. वाटीभर पाण्यात भांडी घासायचा साबण घालून चांगला फेस करा. शेगडीचे सगळे नॉब बंद, भिंतीवरचा व्हॉल्व्ह उघडा. जुन्या मऊ ब्रशनं तो फेस नळीच्या दोन्ही टोकांना, क्लिपखाली, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, आणि मीटरपासून शेगडीपर्यंत जिथे जिथे जोड आहे तिथे लावा. मग घाई न करता बघत बसा, प्रत्येक जोडापाशी निदान अर्धा मिनिट. मोठी गळती असेल तर फेस फसफसतो, ते कुणालाही दिसतं. बारीक गळती वेगळी असते. एकच बुडबुडा हळूहळू मोठा होतो, टाचणीच्या डोक्याएवढ्याचा मटारएवढा होतो, फुटतो, आणि पुन्हा त्याच जागी उगवतो. जागा बदलत नाही, यावरून ओळखायचं. तुमच्यासारख्या पहाटेच्या वासाच्या तक्रारींमध्ये मला तो बहुतेक वेळा नळी जिथे शेगडीच्या पितळी तोटीवर चढवलेली असते तिथेच सापडतो. शेगडी पुसताना ती पुढे-मागे ओढली जाते, त्यात तेवढा जोड सैल होतो. बुडबुडा दिसला की व्हॉल्व्ह बंद करून फोन करायचा. स्वतः पान्ह्यानं आवळत बसायचं नाही. जास्त आवळल्यानं पितळी नटाला चीर जाते. आणि काडी किंवा लायटर जवळ नेऊन गळती शोधायची, हे तर कुणीही, कधीही करू नये. मी चांगल्या अनुभवी माणसांचेही हात भाजलेले पाहिले आहेत.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. रात्री झोपताना सगळे नॉब बंद करून, भिंतीवरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, मीटरवरचे शेवटचे आकडे, दशांश चिन्हानंतरचे सुद्धा, लिहून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा बघायचे. एकही आकडा हलायला नको. तुमच्याकडे वास येतोय, त्यामुळे ही रात्रभराची परीक्षा दुरुस्ती झाल्यानंतरच करा, ती नीट झाली का हे कळायला.

शेगडीमागच्या एका नटानं काय होऊ शकतं हे लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीनं दाखवलं. १६ मे १९६८च्या पहाटे अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या जोडणीतला पितळी नट सदोष होता, घरात गॅस साठलेला होता. स्फोटानं बाहेरची भिंत उडाली आणि २२ मजली इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. ४ माणसं गेली. त्या बाई वाचल्या. इमारत कोसळण्याचं कारण तिच्या बांधणीत होतं, पण सुरुवात झाली ती तुमच्या-माझ्या शेगडीमागे असतो तसल्या एका जोडापाशी.

नळी कापडानं झाकू नका, शेगडीच्या तापणाऱ्या बाजूला टेकू देऊ नका, भिंतीतून किंवा कपाटातून आरपार नेऊ नका, आणि दोन तुकडे जोडून लांब तर मुळीच करू नका. नैसर्गिक वायूसाठी मान्य असलेलीच नळी वापरायची, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती दिसायला नवी असली तरी बदलायची. रबर काळानं कडक होतं. हातात घेऊन जरा वाकवा: बारीक रेघा उमटल्या तर तिचे दिवस भरले.

आता वास हलका नसून भपकन आला तर काय करायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि तो घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. ज्योत चालू असेल तर विझवा. विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट पंखा लावून गॅस बाहेर काढावा असं अगदी स्वाभाविकपणे मनात येतं, तेच करायचं नाही. दार-खिडक्या उघडा, व्हॉल्व्ह वाटेत असेल तर फिरवा, माणसांना घेऊन बाहेर पडा. मोबाइल बाहेर गेल्यावर वापरा. शेजाऱ्यांना उठवायचं तर बेल नको, दार ठोका. आणि मग आत परत जायचं नाही, ना पाकीट घ्यायला ना बघायला. तुम्ही काही केलं नाही तरी फ्रिज आपोआप चालू-बंद होत असतो, हे विसरू नका. कंपनीचा माणूस यंत्रानं मोजून ‘आता जा’ म्हणेपर्यंत बाहेरच थांबा.

क्वचित असं होतं की गळणाऱ्या गॅसनंच पेट घेतलेला असतो. तेव्हा लोक पाणी मारून ज्योत विझवायला धावतात. ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीत भरतो आणि पुढची ठिणगी जास्त वाईट असते. आधी गॅस तोडायचा, म्हणजे ज्योत आपोआप जाते. व्हॉल्व्हपर्यंत पोचता येत नसेल तर बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवायचं.

शेगडीकडे वळतो. तुमची शेगडी जुनीच आहे म्हणालात, पण तिचे जेट बदलले का? हे फिटरला नक्की विचारा. जेट म्हणजे बर्नरच्या तळाशी असलेली बारीक भोकाची पितळी तोटी. सिलिंडरच्या गॅसमध्ये त्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा अडीच-तीन पट ऊर्जा असते, म्हणून सिलिंडरच्या जेटचं भोक बारीक असतं. तेच जेट ठेवून पाइपचा गॅस दिला की ज्योत मरगळलेली येते, पाणी उकळायला वेळ लागतो, वाऱ्यानं चटकन विझते. मग कुणीतरी सुई किंवा ड्रिल घालून ते भोक मोठं करतं. असं भोक वेडंवाकडं होतं, गॅसचा झोत तिरपा जातो आणि हवा नीट मिसळत नाही. जेट बदलायचे असतात, कोरायचे नसतात. उलट गोष्ट त्याहून धोक्याची: पाइपच्या गॅससाठी मोठे जेट बसवलेली शेगडी घर बदलताना पुन्हा सिलिंडरला जोडली, तर ज्योत हातभर उंच, पिवळी, काजळी सोडणारी येते. शेगडी कुणाला देताना हे सांगून द्या.

ज्योत रोज बघायची सवय लावा. चांगली ज्योत निळी, टोकदार, बर्नरला धरून आणि शांत असते. मऊ, डुलणारी पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला काजळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. बर्नरची भोकं तुंबली असतील, हवेची वाट अडली असेल किंवा जेट चुकीचा असेल. एखाद्या क्षणी नारिंगी ठिपके चमकून गेले तर घाबरू नका, हवेतली धूळ किंवा मिठाचा कण जळाला की तसं दिसतं. रंग टिकून राहिला तर मात्र दखल घ्या. ज्योत बर्नरपासून उचलली जात असेल, किंवा ‘फट्’ आवाज करून आत शिरत असेल, तर शेगडी बंद करून दाखवून घ्या. आणि पुढे नवी शेगडी घ्याल तेव्हा ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी घ्या. बर्नरच्या कडेला एक छोटी धातूची कांडी असते. ती गार झाली की झडप मिटते. भांडं उतू जाऊन किंवा वाऱ्यानं ज्योत विझली आणि कुणाचं लक्ष नसलं, तर हीच कांडी घर सांभाळते. लहान मुलाच्या घरात याहून चांगला खर्च मला सुचत नाही.

आता गिझर. या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. गळतीला निदान वास तरी असतो. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचुर नाही, खोकलाही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग असला तर दोन-तीन तासांत डोकं दुखू लागतं. १६०० भाग असला तर तासाभरात जीव जाऊ शकतो.

पुन्हा हिशेब करू. अंघोळीचं पाणी लगेच गरम करणारा गिझर साधारण १२ किलोवॅटचा धरा, म्हणजे शेगडीच्या पाच-सहा बर्नरांएवढा. तो तासाला सुमारे १.२ घनमीटर गॅस जाळतो. एक घनमीटर मिथेन पूर्ण जळायला साडेनऊ-दहा घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला ११-१२ घनमीटर हवा हवी. आणि २ मीटर बाय दीड मीटरचं, अडीच मीटर उंच न्हाणीघर म्हणजे सगळी मिळून साडेसात घनमीटर हवा. दार लावून, खिडकी बंद करून अर्धा तास गिझर चालला तर त्यानं खोलीतली तीन चतुर्थांश हवा वापरलेली असेल, आणि उरलेली तुम्ही श्वासातून आत घेत असाल. हवेतला ऑक्सिजन थोडा घटला की लगेच ज्योत अर्धवट जळायला लागते; सगळी हवा संपायची वाट ती बघत नाही. थंडीच्या दिवसांत हे अपघात वाढतात, कारण खिडकी बंद असते आणि माणूस गरम पाण्याखाली जास्त वेळ उभा राहतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: न्हाणीघराच्या आतल्या हवेवर जळणारा गॅस गिझर बसवू नका. वर जाळीची खिडकी आहे, दाराखाली फट आहे, शेजाऱ्यांकडे दहा वर्षं चालू आहे, ही तिन्ही कारणं मी ऐकली आहेत आणि तिन्ही घरांतून मी गिझर बाहेर काढायला लावले आहेत. पर्याय दोन आहेत. एक, गिझर घराबाहेर मोकळ्या जागेत, पावसा-वाऱ्यापासून आडोसा देऊन, त्यासाठीच बनवलेला. दुसरा, बंद कोठीचा गिझर: तो हवा नळीतून बाहेरून ओढतो आणि जळलेला वायूही नळीतून बाहेरच सोडतो, खोलीच्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. यातलं काहीच जमत नसेल तर पाणी विजेवर तापवा.

‘बाहेर’ हा शब्दही जपून घ्यायचा. एका घरातलं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. गिझर गॅलरीत होता, बसवला तेव्हा सगळं नियमाप्रमाणे होतं. दोन वर्षांनी त्या कुटुंबानं गॅलरीला काचा लावून घेतल्या. गॅसच्या जोडणीत कुणी बोटही लावलेलं नव्हतं. हिवाळ्यात घरातल्या आईचं आणि मुलीचं डोकं दुखायला लागलं, मळमळ, थकवा. वडील दिवसभर कामावर असत, त्यांना काही नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांनाही तोच त्रास. अपचन, चष्म्याचा नंबर, झोप, सगळं शोधून झालं. मला बोलावलं ते ‘गिझरची ज्योत पिवळी का येते’ एवढंच विचारायला. मी दारातच मोजयंत्र चालू केलं आणि आकडा बघून सगळ्यांना जिन्यात आणलं. जळलेला वायू त्या काचेच्या पेटीत फिरून पुन्हा गिझरमध्ये आणि तिथून घरात येत होता. मुलगी सोफ्यावरून उठायला तयार नव्हती, ‘पाच मिनिटं पडू दे’ म्हणत होती. तो आवाज अजून आठवतो.

त्यातून दोन खुणा लक्षात ठेवा. घरात असलं की डोकं दुखतं आणि बाहेर गेलं की थांबतं. किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतो आणि ताप मात्र नसतो. असं असेल तर गॅसची उपकरणं बंद करा, सगळे बाहेर पडा आणि डॉक्टरांना ‘घरात गॅस जळतो’ हे स्वतःहून सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर या बाबतीत विश्वास ठेवू नका. त्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्ध व्हायला आला तरी ते ९८ दाखवू शकतं. याचं निदान रक्ततपासणीत होतं आणि उपचार शुद्ध ऑक्सिजन देण्याचा असतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गॅस गळतीच्या डिटेक्टरपेक्षा वेगळा असतो. एकाचं काम दुसरा करत नाही. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असल्यामुळे सगळ्या खोलीत मिसळतो. म्हणून अलार्म गॅस जळणाऱ्या उपकरणापासून साधारण एक ते तीन मीटरवर, आणि झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल असा लावा. पैसे एकाच यंत्रापुरते असतील आणि घरात गॅसवर चालणारा गिझर किंवा हीटर असेल, तर मी हा अलार्म आधी घ्यायला सांगेन.

धुराडं असलेलं उपकरण घरात असेल तर एक साधी परीक्षा करता येते. ते पाच मिनिटं चालू ठेवा, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे आणि स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगात लावा, दारं-खिडक्या मिटा. मग काडी ओढून विझवा आणि तिचा धूर उपकरणाच्या माथ्यावर, धुराड्याच्या सुरुवातीला धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो तुमच्या तोंडावर आला तर पंखे धुराड्यातली हवा उलटी घरात खेचताहेत. उपकरण बंद करा, खिडक्या उघडा, आणि तंत्रज्ञ येऊन जाईपर्यंत ते लावू नका. नवीन जोरकस चिमणी बसवल्यावर हे हमखास करून बघावं. पक्ष्यांची घरटी धुराड्याच्या तोंडाशी असतात, तीही बघा.

थंडीत खोली गरम करायला शेगडी पेटवून ठेवू नये, हे वरच्या हिशेबावरून कळलंच असेल. पाइपवर कपडे किंवा पिशव्या अडकवू नका, विजेचं अर्थिंग त्याला जोडू नका, भिंतीत खिळा मारण्याआधी पाइप कुठून गेलाय ते बघा, आणि मीटर दिसायला बरा नाही म्हणून बंद कपाटात कोंडू नका. पुरवठा अचानक थांबला तर सगळे नॉब लगेच बंद करा. गॅस परत येतो तेव्हा कुणी हाक मारत नाही.

राहता राहिल्या आई. त्यांना नियम वाचून दाखवू नका, व्हॉल्व्हपाशी उभं करा. दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, पाइपला आडवी झाली की बंद, एवढंच सांगा आणि त्यांच्याच हातानं दोन-तीनदा फिरवून घ्या. दांडी घट्ट असेल, त्यांना जोर लावावा लागत असेल, किंवा ती डब्यांच्या मागे असेल, तर डबे आजच हलवा आणि कंपनीचा माणूस गळती बघायला येईल तेव्हाच त्याच्याकडून व्हॉल्व्ह मोकळा करून किंवा बदलून घ्या. तेल सोडू नका, पक्कड लावू नका. तो जाण्यापूर्वी त्याच्यासमोर आईंना एकदा बंद करायला सांगा.